फोटोत काजळी दिसत नाही

लँकेशायरमधल्या ज्या गावात मी गेली काही वर्षं राहतो, तिथल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गेल्या हिवाळ्यात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. बाजारपेठ, गिरणीचं फाटक, चर्चकडे चढत जाणारा फरसबंदी रस्ता, १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाला गल्लीभर मांडलेली टेबलं आणि कागदी टोप्या घालून बसलेली पोरं. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, की तेव्हा हे गाव स्वच्छ होतं, सुरक्षित होतं आणि आपलं होतं. त्याच्याखाली वेगळ्या शाईत कुणीतरी उत्तर दिलं, की या फोटोंत ना क्षयरोग दिसतो ना साम्राज्य, असली प्रदर्शनं म्हणजे लोकांना पाजलेली अफू आहे. पुढची आठ-दहा पानं या दोन अभिप्रायांच्या बाजूने आणि विरोधात भरून गेली होती. मी ती सगळी उभ्याउभ्या वाचली. त्या पानांवर एकाही फोटोबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. ही गल्ली कुठली, टेबलाच्या टोकाला बसलेली बाई कोण, गिरणीच्या फाटकावर गर्दी कशासाठी जमली होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. फोटो भिंतीवर होते आणि भांडण आजच्या इंग्लंडवरून चाललं होतं.

हे भांडण एका गावाचं नाही. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात, निवडणुकीच्या भाषणांत, ख्रिसमसच्या जेवणावर ते वर्षानुवर्षं याच दोन वाक्यांत चालू आहे, आणि दोन्ही बाजू ते चुकीच्या जागी उभ्या राहून भांडताहेत असं माझं ठाम मत आहे. जुन्या गावाच्या फोटोवर जीव जडणं हा कमकुवतपणा नाही, आजार तर नाहीच. समाजाला त्याची गरज असते. धोका असतो तो धूसर आठवणीत. आठवण जितकी तपशिलाची, म्हणजे अमुक गल्ली, अमुक वार, अमुक वास, अमुक माणूस, तितकी ती कुठल्याही झेंड्याच्या काठीला बांधायला अवघड जाते. गतकातर, म्हणजे गेलेल्या काळासाठी हळव्या झालेल्या, माणसाला गप्प बसवून म्हणूनच काही साधत नाही. त्याला आणखी बोलतं करायला हवं.

आजार हा शब्द मी उगाच वापरला नाही. १६८८ साली बाझलमध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'नॉस्टाल्जिया' हा शब्द घडवला, तो मायदेशापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या व्याधीचं नाव म्हणून. तीनशे वर्षं उलटली तरी त्या शब्दाला औषधाचा वास आहे, आणि गतकातर माणसाशी रोग्यासारखं बोलण्याची सवयही तिथूनच आली असावी. मराठीने केलेला शब्द मला जास्त नेमका वाटतो. स्मरणरंजन. रंजन म्हणजे मन रमवणं, पण संस्कृतात त्याच धातूचा अर्थ रंगवणं असाही आहे. म्हणजे आठवणीला रंग चढवणं. ब्रिटिश गावांच्या जुन्या चित्रांबाबत हे अक्षरशः खरं आहे. १८९४ साली तिथल्या टपाल खात्याने खाजगी छापखान्यांच्या चित्र-पोस्टकार्डांना परवानगी दिली, १९०२ साली कार्डाच्या पाठीवर पत्ता आणि मजकूर शेजारीशेजारी लिहायची मुभा मिळाली, आणि मग प्रत्येक खेड्याचं चौक-चर्च-पूल कार्डावर आलं. मूळ फोटो काळापांढरा. आकाशाचा निळा, वेलीचा हिरवा, छपराचा तांबडा हे रंग नंतर चढवलेले, आणि चढवणाऱ्याने ते गाव पाहिलेलं असेलच असं नाही.

पण रंगाच्याही आधी, कॅमेऱ्यातच एक रंजन घडलेलं असतं आणि ते समजून घेतल्याशिवाय या वादात पडू नये. व्हिक्टोरियन काळातल्या रस्त्यांचे फोटो पाहून जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एकच शब्द निघतो: शांतता. रुंद रस्ता, एखाददुसरा स्थिर उभा माणूस, गर्दी नाही, धांदल नाही. ही शांतता रसायनाची आहे. १८५०च्या दशकापासून पुढे जवळपास तीस वर्षं चालला तो ओल्या कलोडियनचा जमाना. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, तंबूतल्या अंधारखोलीत धुवायची. झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जो चालत गेला तो काचेवर उमटलाच नाही. घोडागाडी गेली, हमाल गेला, भाजीवाली ओरडत गेली, सगळे वाफेसारखे विरले. उरला तो भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस. आकाशही कोरं पांढरं येई, कारण त्या काचेला निळा रंग जास्त दिसे, मग दुसऱ्या काचेवरचे ढग वर छापून बसवायचे. ज्या रस्त्यावर लोखंडी चाकांच्या खडखडाटात दोन माणसांना बोलणं ऐकू येत नसेल, तो रस्ता आज आपल्याला ध्यानस्थ दिसतो. मग तेव्हाचं जगणं संथ होतं हे कुणी सांगितलं? माणसांनी की काचेने?

त्यात फोटो काढणाऱ्याचं पोट आलं. फ्रान्सिस फ्रिथ हा चेस्टरफील्डला १८२२ साली जन्मलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस. लिव्हरपूलला किराण्याच्या घाऊक व्यापारात पैसा मिळवून तो विकून मोकळा झाला, इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये फोटो काढत हिंडला, आणि १८६०च्या सुमारास सरे परगण्यातल्या रायगेटला बिऱ्हाड करून त्याने ब्रिटनमधलं प्रत्येक शहर आणि खेडं टिपायचं मनावर घेतलं. १८९८ साली तो गेला, पण पेढी १९७०च्या सुमारापर्यंत चालली. या एका संग्रहाइतका गावागावांचा नकाशा दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तरी तो धंदा होता. फोटो विकत घेणारा सहलीला आलेला माणूस, त्याला घरी न्यायला हवा होता तो चर्चचा मनोरा, हॉटेलचा दर्शनी भाग, समुद्रावरचा लाकडी धक्का. मागच्या गल्लीतला सामाईक संडास कोण विकत घेणार?

मागच्या गल्ल्या टिपल्या गेल्या नाहीत असं मात्र नाही. १८६६ साली ग्लासगोच्या सुधारणेचा कायदा झाला आणि जुन्या वस्त्या पाडायचं ठरलं. पाडण्याआधी नोंद राहावी म्हणून शहराच्या सुधार न्यासाने टॉमस ॲनन या फोटोग्राफरला काम दिलं. १८६८ ते १८७१ या काळात त्याने तिथले बोळ टिपले: खांद्याएवढी रुंदी, मधून वाहणारं गटार, वर दोरीवर वाळणारे कपडे, भिंतीशी हललेल्या पोरांचे पुसट ठिपके. हे फोटो ज्यांनी काढून घेतले त्यांनीच त्या वस्त्या जमीनदोस्त केल्या. आज त्याच फोटोंच्या मोठ्या प्रती लोक हौसेने दिवाणखान्यात लावतात, कारण ओल्या दगडावरचा तो उजेड खरोखरच सुंदर आहे. लंडनमध्येही १८७५ साली ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराय पाडायला निघाली, तेव्हा जुन्या लंडनच्या अवशेषांचे फोटो काढणारी एक मंडळी उभी राहिली आणि अकरा वर्षं तिने नाहीसं होणारं शहर टिपलं. म्हणजे हळहळ आजची नाही. ज्या काळाकडे आपण हळहळून बघतो, तो काळही आपल्या आधीच्या काळाकडे हळहळूनच बघत होता.

आता काजळीकडे येतो, कारण मला या सगळ्या वादाची किल्ली तिथे सापडली. लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणगावांत दगडी इमारती काळ्या होत्या. रंगाने नव्हे, धुराने. शेकडो धुराडी आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या यांनी शंभर वर्षांत पिवळसर दगडावर डांबरासारखा थर चढवला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं, त्यात सुमारे ४००० माणसं दगावल्याचं तेव्हाच मोजलं गेलं आणि नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बराच वर नेला. त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे इमारती धुऊन काढल्या गेल्या आणि कित्येक लोकांना आपल्या नगरभवनाचा खरा रंग आयुष्यात पहिल्यांदा दिसला. काळ्यापांढऱ्या फोटोत काळी भिंत फक्त गडद दिसते. तिथे सावली आहे, जुना दगड आहे की काजळी, फोटो सांगत नाही. आता संगणकाकडून जुन्या फोटोंत रंग भरून घ्यायची लाट आली आहे. तो बिचारा अंदाजाने रंग भरतो. काजळीची त्याला आठवण नाही. काजळी आठवते ती त्या गल्लीत कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीला.

हे सगळं मान्य केल्यावर टीकाकार म्हणतील, मग तू आमच्याच बाजूचा. त्यांचा मुद्दा खरोखर भक्कम आहे आणि तो मी पातळ करून मांडणार नाही. १९०० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. लँकेशायरच्या गिरण्यांत बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस साच्यावर आणि अर्धा दिवस शाळेत, डोळे मिटत बसलेली असत. ही पद्धत मोडायला १९१८चा शिक्षण कायदा यावा लागला. १९५१च्या जनगणनेतसुद्धा एक तृतीयांशाहून जास्त घरांत न्हाणीघर नव्हतं, पत्र्याचं टब शेगडीसमोर ओढून आठवड्यातून एकदा सगळ्यांनी पाळीपाळीने त्यात बसायचं. आणि राजकारण्यांनी या गोडव्याचा वापर केला हेही खरं. १९९३ साली पंतप्रधान जॉन मेजर यांनी पन्नास वर्षांनंतरच्या ब्रिटनचं चित्र रंगवलं: क्रिकेटच्या मैदानावर लांबलेल्या सावल्या, कोमट बिअर, आणि पहाटेच्या धुक्यातून सायकलवर प्रार्थनेला निघालेल्या प्रौढ कुमारिका. ही शेवटची प्रतिमा त्यांनी लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या नावाने उचलली होती.

ती ज्या वाक्यातून उचलली ते वाक्य मात्र उघडून बघण्यासारखं आहे. १९४१ साली, बॉम्ब पडत असताना, ऑर्वेलने इंग्लंड म्हणजे काय याची यादी केली. त्यात धुक्यातल्या त्या कुमारिका आहेतच. पण त्यांच्या आधी लँकेशायरच्या गिरणगावांत वाजणारे लाकडी तळाचे बूट आहेत, उत्तरेच्या हमरस्त्यावरचे ट्रक आहेत, आणि काम मागायला रोजगार कचेरीबाहेर लागलेल्या रांगा आहेत. भाषणात सायकली आल्या आणि रांगा गळाल्या. मला सांगा, इथे दोष कशाचा? आठवणीचा की गाळणीचा? मूळ यादी पूर्ण वाचणारा माणूस त्या भाषणाने भुलणार नाही. आणि टीकाकार जेव्हा संपूर्ण आठवणच फेकून द्यायला निघतात, तेव्हा रांगा आठवणारा साक्षीदारही तेच घराबाहेर काढतात. पंतप्रधानाच्या भाषणाला सगळ्यात ठोस उत्तर त्या रांगेत बापाचा हात धरून उभा राहिलेला म्हातारा देऊ शकला असता. पण त्याला आपण आधीच भाबडा ठरवून बसलेलो असतो.

दुसऱ्या बाजूचं आवडतं वाक्य म्हणजे दाराला कुलूप लावावं लागत नव्हतं. मी हे वाक्य निदान वीस तोंडांतून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. पण ज्यांनी ते म्हटलं त्यांना थोडं पुढे बोलू दिलं की दार अजून उघडतं. चोरायला होतं काय, गॅसच्या मीटरमधली चिल्लर. एकच किल्ली, ती दोरीला बांधून टपालाच्या फटीतून आत सोडलेली, म्हणजे पोरांना शाळेतून आल्यावर ओढून काढता यावी. शेजारीण आजारी असली की तिचं घर अख्खी गल्ली सांभाळत असे, आणि हीच गल्ली लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला रातोरात दूरच्या गावी पाठवायलाही मागेपुढे बघत नसे. सगळ्यांना सगळं माहीत असण्याची ऊब ज्यांना मिळाली त्यांनी ती सांगावी, आणि ज्यांना चटका बसला त्यांनी चटका. जानेवारी १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या विल्म्स्लोमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. कुलपाविनाच्या त्याच सोनेरी दशकात. तो पोलिसांकडे तक्रार घेऊन गेला, आणि चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं निघाल्यावर आरोपी तोच झाला. शिक्षा म्हणून त्याला संप्रेरकांची इंजेक्शनं देण्यात आली आणि जून १९५४ मध्ये तो गेला. तो काळ सुरक्षित होता, पण कुणासाठी, हे त्याच वाक्यात यायला हवं.

इतकं बोलल्यावर गतकातर माणसांची एक बाजू मला जोरात मांडायची आहे, कारण ती मांडायला शिकलेले लोक कचरतात. त्यांचं काहीतरी खरंच गेलं आहे. कुठल्याही दशकातला गल्लीचा फोटो घ्या, १९५५ पर्यंतचा. रस्त्याच्या मधोमध पोरं आहेत. दोरीच्या उड्या, खडूने आखलेलं ठिकरीचं अंगण, दिव्याच्या खांबाला बांधलेला झोका. आज त्याच जागी दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या आहेत आणि मूल एकही नाही. यात रंजन कुठे आहे? मुलांची जागा मोटारींना दिली गेली ही घटना आहे, आणि ती फोटोइतक्या स्पष्टपणे कुठलाही अहवाल सांगत नाही. किंवा स्थानकं घ्या. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने २३६३ स्थानकं आणि सुमारे ५००० मैलांचे लोहमार्ग बंद करायची शिफारस केली. सगळेच बंद झाले नाहीत, पण हजारो गावांतून गाडी गेली ती गेली. फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या छोट्या फलाटाचा फोटो पाहून डोळे ओले करणाऱ्या माणसाला हसणं सोपं आहे. त्याला गाडी हवी आहे, एवढंच समजून घ्यायचं आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरची वेव्हर्ली मार्गिका जानेवारी १९६९ मध्ये बंद झाली. तिथल्या लोकांनी तिची आठवण मरू दिली नाही, कित्येक वर्षं मागणी लावून धरली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एडिनबरोपासून ट्वीडबँकपर्यंत ती पुन्हा धावू लागली. त्या आठवणीला आजार म्हणायचं का?

वेल्समधलं कापेल केलिन हे गाव तर याहून कठोर उदाहरण. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून ट्रावेरिन नदीवर धरण बांधायचा कायदा १९५७ साली लंडनच्या संसदेने केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नाही. तरी तो झाला. १९६५ साली खोरं पाण्याखाली गेलं: शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर, स्मशान, बारा घरं-शेतवाड्या आणि जिथे रोजच्या बोलण्यात फक्त वेल्श होती अशी मोजकी उरलेली वस्ती. शाळा बंद होतानाचे, लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चा काढलेल्या गावकऱ्यांचे फोटो आज वेल्समध्ये घराघरांत ओळखले जातात. 'ट्रावेरिन लक्षात ठेवा' हे एका पडक्या भिंतीवर रंगवलेले शब्द दरवेळी कुणी पुसले की कुणीतरी पुन्हा रंगवतं. २००५ साली लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली. चाळीस वर्षं हा प्रश्न कशाने जिवंत ठेवला? पाण्याखालच्या गावाच्या आठवणीने, फोटोंनी, पै-पैशाच्या तपशिलाने. मुळशीच्या धरणाचं नाव ज्याने ऐकलं आहे त्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको.

राहिला तो सर्वांत बोचरा प्रश्न, 'आपलं गाव' मधल्या 'आपलं' या शब्दाचा. अभिप्राय लिहिणाऱ्या गृहस्थांना त्यातून काय सुचवायचं होतं हे मला, सावळ्या कातडीच्या माणसाला, न सांगता कळलं. पण त्याला उत्तर म्हणून फोटो उतरवून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. मी म्हणेन, आणखी लावा. लंडनच्या हॅकनीमध्ये आयांचं एक वसतिगृह होतं. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने विलायतेला आलेल्या आणि काम संपल्यावर परतीच्या तिकिटाविना सोडून दिलेल्या हिंदुस्थानी आणि चिनी आया तिथे राहत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे तिथले फोटो आहेत, साड्या नेसलेल्या बायका टेबलाभोवती शिवणकाम घेऊन बसलेल्या. २०२२ साली त्या घरावर ऐतिहासिक वास्तूंवर लावतात ती निळी पाटी लागली. लाइमहाउसला १८५७ पासून आशियाई खलाशांसाठी निवारा होता. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि गोव्याची माणसं स्वयंपाकघरात व जेवणघरात असत, तेव्हा लंडनच्या गोदीतल्या जुन्या फोटोत पाठमोरा उभा असलेला एखादा खलाशी दाभोळचाही असू शकेल. कार्डिफच्या टायगर बे वस्तीत सोमाली, येमेनी, कॅरिबियन आणि वेल्श कुटुंबं एका गल्लीत नांदत होती, आणि १९५० साली बर्ट हार्डीने तिथले फोटो एका खपाच्या सचित्र साप्ताहिकासाठी काढले होते. हे सगळं जुनं ब्रिटनच आहे. ते कपाटात राहिलं म्हणून भिंतीवर एकरंगी गाव उरलं.

आणि एक फोटो असा आहे, की तो माझ्या या गावापासून फार लांब नाही. सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला आले होते, कारण परदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथल्या गिरण्या बंद पडत होत्या आणि तिथल्या कामगारांशी त्यांना स्वतः बोलायचं होतं. डारवेनच्या गिरणीबाहेर पंचा आणि शाल घेतलेले ते मधोमध, आणि भोवती ॲप्रन घातलेल्या गिरणी कामगार बायका, हात उंचावून, तोंडभर हसत. हा फोटो दोन्ही बाजूंना आवडतो. एकाला त्यात इंग्रजांचं मोठं मन दिसतं, दुसऱ्याला गांधींचा विजय. मला त्या बायकांचे हात दिसतात. १९१३ साली लँकेशायरमधून जवळजवळ ३०० कोटी यार्ड कापड एकट्या हिंदुस्थानात गेलं होतं, १९३१ पर्यंत त्याचा अगदी थोडा भाग उरला होता, आणि त्या फोटोतल्या कित्येक हातांना तेव्हा काम नव्हतं. इथल्या साचेखात्यात आवाज एवढा, की बायका ओठांच्या हालचालीवरून बोलत. धोट्यात सूत भरायला तोंड लावून ओढायच्या आणि दात गमावायच्या. लालबाग-परळच्या अनेक गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीची यंत्रं होती, म्हणजे आवाजही तोच. माझ्या आजोबांना त्या आवाजाने म्हातारपणी ऐकू येत नव्हतं. १९८२च्या संपानंतर गिरणगावाचं जे झालं ते आणि डारवेनचं जे झालं ते मी शेजारी ठेवून बघतो, तेव्हा त्या हसणाऱ्या बायकांचं गाव मला परकं वाटत नाही. आमच्याकडेही भोंग्याची आठवण काढणारे आहेत, आणि त्याच दमात कापसाच्या धुळीचा खोकलाही सांगणारे आहेत. बहुधा ती एकच माणसं असतात.

म्हणून मला भिंतीवरच्या फोटोंपेक्षा त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय याची काळजी आहे. १९३७-३८ साली हम्फ्री स्पेंडरने शेजारच्या बोल्टनमध्ये, लोकजीवनाच्या एका अभ्यासासाठी, कॅमेरा कोटाआड ठेवून शेकडो फोटो काढले. दारूचे गुत्ते, मतदानाचे दिवस, अंत्ययात्रा, वाळत घातलेले कपडे. अप्रतिम काम आहे. पण त्यातल्या बहुतेक माणसांना नाव नाही. नाव कॅमेऱ्याला कळत नाही. ते कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ती डोकी आता ऐंशी-नव्वदीला आली आहेत. वाद जिंकण्यासाठी आपल्याकडे कितीही वर्षं आहेत. या कामाला फार तर दहा.

आमच्या वाचनालयाने, अभिप्रायाच्या वहीतली भांडणं पाहून असेल कदाचित, दर बुधवारी दुपारी चहा ठेवला आणि फोटो भिंतीवरून काढून टेबलावर मांडले. मी जात राहिलो. एका बुधवारी मागच्या गल्लीचा एक फोटो फिरत होता. दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये आडव्या दोऱ्या, त्यांवर चादरी, खाली पोरं ओळीने उभी. एक बाई तो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हा सोमवार आहे, धुणं सोमवारीच. आई आधी ओल्या फडक्याने दोरी पुसायची, नाहीतर चादरीवर काळी रेघ उठायची, आणि वारा गिरणीकडून फिरला की आम्ही पोरं ओरडायचो आणि सगळ्या बायका धावत येऊन धुणं आत ओढायच्या. वर्ष १९५१, कारण पुढच्या वर्षी त्यांचा भाऊ घटसर्पाच्या संशयावरून इस्पितळात होता आणि तो इथे उभा आहे. त्यांनी बोट ठेवत पोरांची नावं सांगायला सुरुवात केली. सहा नावं सांगितली. सातवं मूल थोडं बाजूला, अनवाणी, सूर्यामुळे डोळे बारीक केलेलं. तिथे बोट थांबलं. ते कोपऱ्यावरच्या घरातलं, त्या म्हणाल्या, आयर्लंडकडची मंडळी होती, कॅथलिक, आम्हाला त्यांच्याशी खेळायची परवानगी नव्हती. मग काही क्षणांनी म्हणाल्या, पण तो फोटोत आहे म्हणजे आम्ही खेळत असणार.

नाव त्यांना आठवेना. थोरली बहीण ब्लॅकपूलला असते, तिला विचारते म्हणाल्या. पुढच्या बुधवारी त्या नाव घेऊन आल्या, आणि ग्रंथपालबाईंनी ते पेन्सिलीने फोटोच्या मागे, बाकीच्या सहांच्या ओळीत लिहिलं.